नजर मोजताना

अमी क्लिन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वमग्न तरुणांना चित्रपटातले प्रसंग दाखवून त्यांची नजर मोजली. ती पात्रांच्या डोळ्यांवर कमी, तोंडावर अधिक थांबली. त्यावरून 'स्वमग्नांना चेहरा वाचता येत नाही' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. त्याच प्रयोगात तोंडाकडे अधिक पाहणाऱ्या स्वमग्नांचं सामाजिक समायोजन तुलनेने बरं आढळलं होतं. म्हणजे वाट वेगळी, पण ती माणसांकडेच जाणारी.

आमच्या नवलाख उंबऱ्यात थोरांपुढे नजर खाली ठेवणं ही रीत. स्वमग्न मुलाने नजर चुकवली की मात्र दोष! डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं, की हा न समजण्याचा प्रश्न दुतर्फा आहे. त्या मुलाचा चेहरा आपल्याला कितपत वाचता येतो, हेही मोजायला हवं.