वनस्पतिजन्य सुगंधी तेलांची बुरशीरोधक क्षमता : संशोधनपद्धतीची चिकित्सा (विशेष संदर्भ : सुलतानपूर परिसर)

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर परिसरात सोयाबीन, तूर, हरभरा ही महत्त्वाची पिके आहेत. सोंगणीच्या दिवसांत परतीचा पाऊस आला की सोयाबीनच्या ओल्या शेंगांवर आणि पुढे पोत्यांतील दाण्यांवर बुरशी चढते. हे नुकसान केवळ बाजारभावापुरते नसते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी विशेषतः मका व भुईमुगावर अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल परिसरात अवेळी पावसाने भिजलेला, बुरशीयुक्त मका खाण्यात आल्यामुळे यकृतविकाराची साथ उद्भवली. तीत 397 रुग्णांपैकी 106 जण दगावले. रासायनिक बुरशीनाशकांना पर्याय म्हणून ओवा, लवंग, तुळस, गवती चहा, रोशा गवत इत्यादींच्या तेलांचा अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर मोठ्या प्रमाणावर होतो, तो या पार्श्वभूमीवर स्वागतार्हच आहे. तथापि, या अभ्यासांच्या निष्कर्षांची व्याप्ती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

प्रचलित पद्धती व तिच्या मर्यादा :
बहुतेक अभ्यासांत दोन पद्धती आढळतात. पहिलीत आगर माध्यमावर तेलात भिजवलेली कागदी चकती ठेवून तिच्याभोवतीचे बुरशीविरहित वर्तुळ मोजतात. दुसरीत तेल माध्यमातच मिसळून बुरशीची वाढ मोजतात. पहिली पद्धत सोपी आहे, परंतु तेल पाण्यात विरघळत नाही आणि लवकर उडून जाते. त्यामुळे वर्तुळाचा व्यास तेलाच्या प्रभावाइतकाच त्याच्या पसरण्याच्या गुणावर अवलंबून राहतो. केवळ व्यासावरून दोन तेलांची प्रतवारी लावणे म्हणूनच शास्त्रसंमत नाही.

वाढ थांबणे आणि बुरशी मरणे यांतील भेदही अनेकदा दुर्लक्षित राहतो. उपचारित बुरशीचा तुकडा तेलविरहित ताज्या माध्यमावर ठेवल्यास ती पुन्हा वाढते की नाही, हे पाहिल्याखेरीज 'बुरशीनाशक' हा शब्द वापरता येत नाही. शिवाय बुरशीची वाढ आणि विषनिर्मिती या दोन्ही गोष्टी नेहमीच सारख्या प्रमाणात घटत नाहीत.

तेलाची ओळख :
रोशा गवताचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. खानदेश-निमाड भागात या गवताचे तेल काढून ते मुंबईमार्गे परदेशी पाठवण्याचा व्यापार एकोणिसाव्या शतकात चालत असे. या गवताचे 'मोतिया' आणि 'सोफिया' असे दोन प्रकार आहेत. दिसण्यात ते जवळजवळ सारखेच असले, तरी मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल विपुल असते, तर सोफियाच्या तेलात ते बरेच कमी असते. अशा स्थितीत केवळ 'सिम्बोपोगॉन मार्टिनीचे तेल' एवढीच नोंद करणारा निबंध नेमके कशाचे परीक्षण झाले, हे सांगत नाही. तुळशीच्या तेलातही युजेनॉल व मिथाइल युजेनॉल यांचे प्रमाण वाणानुसार बदलते. घटकविश्लेषण नसेल, तर तो प्रयोग दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता येत नाही.

आगर आणि धान्य :
सर्वांत मोठे अंतर काचेची बशी आणि धान्याचे पोते यांच्यात आहे. आगर माध्यमात स्निग्धांश जवळजवळ नसतो, तर सोयाबीनच्या दाण्यात तो सुमारे 18 ते 20 टक्के असतो. सुगंधी तेलातील घटक या स्निग्धांशात विरघळतात आणि बुरशीवर कार्य करण्यासाठी त्यांचा अल्पांशच उरतो. मात्रेचे गणितही मांडले जात नाही. उदाहरणार्थ, माध्यमाच्या प्रत्येक मिलिलिटरला 1 मायक्रोलिटर तेल पुरेसे ठरले, असे मानू. एक क्विंटल सोयाबीन अंदाजे 135 लिटर जागा व्यापते. त्याच प्रमाणात त्याला सुमारे 135 मिलिलिटर तेल लागेल आणि दाण्यांनी शोषलेले तेल वेगळेच. हा खर्च अल्पभूधारकाला परवडेल काय, हा प्रश्न निष्कर्षात यावयास हवा.

पुढील हंगामासाठी घरचे बियाणे राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक कसोटी निर्णायक आहे. अनेक सुगंधी तेले बीजांकुरणासही बाधक ठरतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास किमान 70 टक्के उगवणशक्ती आवश्यक असते. बुरशी थांबली पण बी उगवले नाही, तर तो उपचार यशस्वी म्हणता येणार नाही.

समारोप :
या चिकित्सेचा हेतू सुगंधी तेलांचे महत्त्व नाकारण्याचा नाही. थायमॉल, युजेनॉल यांसारखे घटक बुरशीच्या पेशीपटलास इजा करतात, हे मान्यच आहे. मात्र आधीच तयार झालेले विष बुरशी मेल्यानेही नाहीसे होत नाही. धान्य वेळीच वाळवण्याला म्हणूनच पर्याय नाही. तेल फार तर त्याला जोड देऊ शकेल. ग्रामीण महाविद्यालयांपाशी महागडी उपकरणे नसतात, परंतु शेतकऱ्याचे प्रत्यक्ष धान्य हाताशी असते. बंद बरण्यांत सोयाबीन ठेवून ओलाव्याची नोंद घेणे, तेलाच्या वाफेचा परिणाम काही महिने तपासणे व शेवटी उगवणशक्ती मोजणे यास अल्प साधने पुरतात. घटकविश्लेषण बाहेरच्या प्रयोगशाळेतून करवून घेता येते. असा एक अभ्यास केवळ वर्तुळांचे व्यास नोंदवणाऱ्या अनेक निबंधांपेक्षा सुलतानपूरच्या शेतकऱ्याला अधिक उपयोगी पडेल.