‘कोर्ट’ सुटल्यानंतरचा न्याय
आता आपण ‘कोर्ट’कडे वळू. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा चित्रपट. मुंबईतले वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली.

आरोप ऐकून हसू येतं. पण आम्हाला विचाराल तर चित्रपटाचं बळ कोर्ट सुटल्यानंतरच्या दृश्यांत आहे. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, परप्रांतीयांची टिंगल करणाऱ्या नाटकाला सहकुटुंब जातात. बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून एका बाईची केस पुढे ढकलणारे न्यायाधीश सुट्टीत, न बोलणाऱ्या मुलासाठी खड्याची अंगठी सुचवतात. यात खलनायक कुणीच नाही. मेख तिथेच आहे! घरात जे ‘साहजिक’ वाटतं, तेच काळा कोट घालून कोर्टात उभं राहतं.

मृताची विधवा साक्षीत सांगते, उतरण्याआधी तो दारू प्यायचा, एक डोळा गेला होता, सुरक्षेची साधनं नव्हती. अशा रीतीने माणसाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तरी आरोपी कोण? तर गाणारा! उतरवणारा नव्हे. कारण ते काम ‘त्यांचंच’, ही समजूत कायद्याहून जुनी आहे.

एक तक्रार मात्र राहते. कॅमेरा वकिलांच्या, न्यायाधीशांच्या खाजगी आयुष्यात रमतो. साक्ष संपल्यावर काम मागणाऱ्या त्या विधवेच्या मागे तो तिच्या घरापर्यंत जात नाही. तिचं ‘साहजिक’ काय असतं, ते आपल्याला कळायला हवं होतं.