विलायतेतील बिऱ्हाड

विलायतेस शिकावयास गेलेल्या मुलाचे पहिले पत्र आले म्हणजे ते साऱ्या घराला वाचून दाखविण्याची चाल आपल्याकडे होती. त्यात बोटीचे, धुक्याचे, थेम्सवरील पुलांचे वर्णन असे. खोलीचे भाडे किती पडले, पहिल्या रात्री पोटात काय गेले आणि झोप लागली की नाही, हा मजकूर त्यातून बहुधा गाळलेला असे. हल्ली पत्रांच्या जागी छायाचित्रे येतात. गाळलेला मजकूर मात्र तोच आहे. आईबापांना वाईट वाटू नये म्हणून मुलाने हे गाळावे, हे आम्ही समजू शकतो. परंतु वाङ्मयानेही तीच भीड का बाळगावी? विलायतेची प्रवासवर्णने आम्ही पुष्कळ वाचली. विलायतेतील बिऱ्हाडाचे वर्णन क्वचितच वाचले. आणि आमचे मत तर असे की, ज्याने परक्या गावी आधी बिऱ्हाड केले, त्यालाच पुढे तो देश पाहता येतो.

या दृष्टीने आम्हांस सर्वांत मोलाची वाटतात ती गांधीजींच्या आत्मकथेतील लंडनची प्रकरणे. 1925 पासून 'नवजीवना'त क्रमशः प्रसिद्ध झालेली ही आत्मकथा लोक सत्य व संयम यांसाठी वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातील पहिल्या भागाचा नायक एकोणीस वर्षेही पुरी न झालेला, बावरलेला विद्यार्थी आहे, हे विसरून चालत नाही. 1888 च्या सप्टेंबरअखेर तो पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात बोटीवरून उतरतो. तसा पोशाख केलेला दुसरा कोणीच नाही, आणि सामान किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात! दुसरा दिवस रविवार, म्हणजे सुटकाही नाही. हॉटेलात डॉ. प्राणजीवन मेहता भेटावयास येतात, तो त्यांच्या उंच टोपीवरून हा उलटा हात फिरवितो. दुसऱ्याच्या वस्तूस हात लावू नये, हा विलायतेतला पहिला धडा त्याला तेथे मिळतो. येथे शिक्षणापेक्षाही इंग्रजांची राहणी अनुभवावयाची असते व त्यासाठी कुटुंबात राहावे लागते, हे मेहतांनी त्याला सांगितलेले वचन बिऱ्हाडाचेच सूत्र नव्हे काय?

पुढची प्रकरणे म्हणजे जवळजवळ जमाखर्चाची वही. एकोणीस शिलिंगांची टोपी, बाँड स्ट्रीटवर शिवविलेला दहा पौंडांचा पोशाख, नृत्याचे तीन पौंड, व्हायोलिनचे आणखी तीन. मग एके दिवशी भानावर येणे. आणि कुटुंबातील राहणे सोडून अखेर एकच खोली, एक स्टोव्ह, सकाळी ओटची लापशी, रात्री पाव व कोको, दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. बिऱ्हाडही असे निवडलेले की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी जाता यावे. रोजची आठ-दहा मैलांची चाल ही प्रथम काटकसर होती. तिनेच प्रकृती राखली. फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी खानावळ सापडते त्या प्रसंगी वाचकालाही आपले जेवण झाल्यासारखे वाटते! आकडे इतके बोलके करणे हे लेखनसामर्थ्य नव्हे असे कोण म्हणेल?

प्रवासही या वहीतूनच उगवतो. पॅरिसचे महाप्रदर्शन त्यांनी नकाशा हाती घेऊन, बहुतेक पायी पाहिले. आयफेल मनोऱ्यावर जेवण्याच्या हौशीखातर सात शिलिंग उधळल्याची नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली आहे, आणि ज्याने सव्वा शिलिंगात दिवस काढला त्याच्या तोंडी 'सात' हा आकडा कसा वाजतो, हे वेगळे सांगावयास नको. तथापि एक उणीव दाखविली पाहिजे. या प्रकरणांत लंडन शहर जवळजवळ दिसतच नाही. इतके मैल चाललेल्या माणसाने रस्त्यांकडे पाहिले नसेल काय? पाहिले असेलही, लिहिले नाही. आत्मपरीक्षणाने येथे डोळ्यांवर मात केली.

डोळे हवे असतील त्याने श्री. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'कडे (1960) वळावे. दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी 1958 मध्ये ते बी. बी. सी.त गेले, म्हणजे तेही विद्यार्थीच. पण चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा विद्यार्थी सहचारिणीसह गेला होता. म्हणून एकाकी खोलीची थंडी या पुस्तकाचा विषय होऊ शकत नाही. विनोदाची ऊब तिला दारातच अडविते. हा दोष नव्हे, मर्यादा होय.

डॉ. आंबेडकरांनी मात्र आपल्या लंडनच्या खोलीचे वर्णन मागे ठेवले नाही, याची आम्हांस कायम रुखरुख वाटते. 1921–22 मध्ये ते जेथे राहत, ते किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे घर 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. घर मिळाले, त्यातल्या दिवसांचा वृत्तांत नाही. परंतु हयातीत अप्रसिद्ध राहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात एक हकीकत आहे. अमेरिका व युरोप येथील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे ते सांगतात. ती परत येते बडोद्याच्या स्थानकावर, 'जावयाचे कोठे?' या प्रश्नासरशी. परदेशात वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून आलेल्या या विद्वानाला स्वदेशात एक खोली मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. त्यानंतर मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले.