ठावठिकाणा नसलेला नायक आणि त्याचे वाचक

लोकप्रिय वाङ्मयाच्या वाचकालाही मत असते, हे समीक्षेला तत्त्वतः मान्य असते. त्या मताची दखल घेण्याची वेळ आली, की मात्र ती ‘खप’, ‘करमणूक’ आणि ‘पलायन’ या तीन शब्दांच्या आड उभी राहते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचनालयांतून त्या हातोहाती फिरल्या. पण त्या वाचकांना काय खटकत होते, कोणत्या पुस्तकावर ते रुसले होते, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ नाही. इंग्रजीत ली चाइल्ड यांच्या जॅक रीचर या नायकाच्या बाबतीत अशी नोंद विपुल आहे. अँडी मार्टिन या अभ्यासकाने ‘मेक मी’ (२०१५) ही कादंबरी लिहिली जात असताना लेखकाच्या खोलीत बसून एक पुस्तक सिद्ध केले आणि पुढे २०१९ मध्ये दुसरे पुस्तक वाचकांकडे वळून लिहिले. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. एकाच लेखकाविषयी लिहिताना अभ्यासकाला लेखकाची खोली पुरली नाही.

ली चाइल्ड हे जिम ग्रँट यांचे टोपणनाव. जन्म १९५४ चा, इंग्लंडातील कॉव्हेंट्रीचा. मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमधील नोकरी १९९५ मध्ये फेररचनेत गेली, तेव्हा त्यांनी कागद-पेन्सिली आणून कादंबरी लिहावयास घेतली. ‘किलिंग फ्लोअर’ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. नोकरी गेलेल्या इंग्रज माणसाने निर्माण केलेला हा अमेरिकन नायकही नोकरीबाहेर पडलेलाच आहे. लष्करी पोलीस दलात तेरा वर्षे काढलेला हा मेजर घर, गाडी, सामान यांपैकी काहीही बाळगत नाही. खिशात घडीचा टूथब्रश असतो. कपडे मळले की तो नवे विकत घेतो आणि जुने टाकून देतो. २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर ओळखपत्रावाचून प्रवास करणे अवघड झाले, तेव्हा त्याच्या सामानात पासपोर्ट आणि एटीएम कार्ड यांची भर पडली, एवढेच. बसमधून तो एखाद्या गावी उतरतो, तेथील अन्याय मोडून काढतो आणि निघून जातो. ‘शेन’ची आठवण कोणालाही होईल.

या मालिकेच्या वाचकांच्या तक्रारी वरवर पाहता एकमेकींना छेदणाऱ्या आहेत. सारी पुस्तके एकाच साच्याची आहेत, असे जो म्हणतो तोच साचा किंचित हलला की अस्वस्थ होतो. समीक्षक याला अभिरुचीचा अभाव म्हणून मोकळे होतात. मला तसे वाटत नाही. तक्रारी एकत्र ठेवून पाहिल्या, तर त्यांच्या मुळाशी एकच आग्रह दिसतो: या माणसाला कोठलाही पत्ता मिळता कामा नये.

लेखकाने हा आग्रह फार लवकर ओळखला. ‘ट्रिपवायर’ (१९९९) या तिसऱ्या कादंबरीच्या अखेरीस रीचरला त्याच्या जुन्या वरिष्ठाचे, लिऑन गार्बरचे, हडसन नदीकाठचे घर वारशाने मिळते आणि गार्बरची मुलगी जोडी त्याच्या आयुष्यात येते. चौथ्या कादंबरीत त्या घराचे ओझे त्याला पेलत नाही. जोडी कामासाठी लंडनला निघते, घर विकण्याचे ठरते. पाचव्या कादंबरीत तो पुन्हा रस्त्यावर आहे. मालिकेतील ही दोन पुस्तके मला विशेष महत्त्वाची वाटतात, कारण त्यांत भटकेपणा ही केवळ कथानकाची सोय राहत नाही; त्याची किंमत मोजली जाते. छपराच्या दुरुस्तीचा विचार करणारा रीचर हा त्याच्या सर्व अवतारांत सर्वांत माणसासारखा आहे. तो तसाच राहिला असता, तर मालिका मात्र तेथेच संपली असती.

पत्ता घराचाच असतो असे नाही. ‘नथिंग टू लूझ’ (२००८) मध्ये कोलोरॅडोतील होप आणि डिस्पेअर अशी शेजारशेजारची दोन गावे आहेत. त्यांपैकी डिस्पेअरमध्ये रीचरला भटक्या म्हणून हाकलून दिले जाते. त्याच कादंबरीत इराकच्या युद्धाला कंटाळून पळालेल्या सैनिकांविषयी त्याला सहानुभूती वाटते. अनेक अमेरिकन वाचक यावर संतापले. जो नायक पुस्तकागणिक माणसे मारतो, त्याचे एक राजकीय मत मात्र त्यांना सोसवले नाही, ही विसंगती खरीच. पण तिच्यामागे एक तर्क आहे. मत म्हणजे बाजू आणि बाजू म्हणजे वस्ती. ‘सिक्स्टीवन अवर्स’ (२०१०) च्या शेवटी नायक जिवंत आहे की नाही हे अध्याहृत ठेवले गेले, तेव्हाही वाचक रागावले. त्याच वर्षी पुढची कादंबरी आली म्हणून ते निभावले. मृत्यू हाही कायमचा मुक्कामच.

सर्वांत गाजलेला वाद देहाचा. सहा फूट पाच इंच उंचीच्या आणि अडीचशे पौंड वजनाच्या नायकाची भूमिका २०१२ आणि २०१६ च्या चित्रपटांत टॉम क्रूझ यांनी केली, तेव्हा वाचकांनी कडाडून विरोध केला. लेखकाने आधी निवडीचे समर्थन केले; पुढे २०१८ मध्ये वाचकांचेच बरोबर होते, अशी कबुली दिली. २०२२ पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेत धिप्पाड ॲलन रिचसन आले आणि वाचक निवळले. हा हट्ट बालिश म्हणून हसण्यावारी नेता येतो; पण ज्याच्यापाशी घर, नाते, व्यवसाय, वस्तू यांपैकी काहीच नाही, त्याची ओळख पटवायला देहावाचून उरते तरी काय? गंमत अशी, की तोच देह १९६० मध्ये जन्मलेला आहे, साठी ओलांडल्यावरही चौघांना लोळवतो, याबद्दल मात्र वाचक फारशी तक्रार करत नाही. उंची ही ओळख आहे. वय हा केवळ हिशेब.

२०२० मध्ये चाइल्ड यांनी मालिका धाकट्या भावाकडे, अँड्र्यू यांच्याकडे, सोपवण्याचे ठरवले. ‘द सेंटिनेल’ हे दोघांच्या नावाचे पहिले पुस्तक. टेनेसीतील एका गावाची संगणकव्यवस्था खंडणीखोरांनी ठप्प केली आहे, असा त्यातील प्रसंग. येथे वाचकांचे जे मत व्यक्त झाले, ते मला शैलीविचाराचा उत्तम नमुना वाटते. रीचर बोलू लागला आहे, असे ते म्हणाले. या मालिकेत नायकाचे मौन हे वाक्यरचनेचे अंग होते. आखूड वाक्ये, हालचालीचे मोजमाप आणि मध्येच उत्तर न देता थांबणारा माणूस, यांतून ताण निर्माण होई. नव्या पुस्तकांत तो विनोद करतो, समजावून सांगतो. कथानक, उंची, टूथब्रश सारे जागच्या जागी असूनही ‘हा तो नव्हे’ असे सामान्य वाचकाला जाणवावे, यात गद्याच्या लयीची पारख आहे. ‘शैली हीच व्यक्ती’ या सूत्रावर प्रबंध लिहिणाऱ्यांना ही पारख दरवेळी साधतेच असे नाही.

वाचकांच्या बाजूने इतके लिहिल्यावर त्यांच्या दृष्टीतील एक अंधार नमूद करणे भाग आहे. डेव्हिड मोरेल यांच्या ‘फर्स्ट ब्लड’ (१९७२) मधील रॅम्बो हाही लष्करातून बाहेर पडलेला भटक्या, आणि त्यालाही लहान गावातील पोलीस हुसकावतात. तेथे मात्र त्या झगड्याने गावाचे काय झाले याचा हिशेब लेखकाने सोडलेला नाही. पोलीसप्रमुखाची बाजूही त्याने आपल्याला पाहायला लावली आहे. रीचरचा वाचक नायकाबरोबर बसमध्ये चढतो आणि मागे वळून पाहत नाही. ‘किलिंग फ्लोअर’मध्ये जॉर्जियातील मार्ग्रेव्ह हे गाव खोट्या नोटांच्या पैशावर पोसलेले होते. नायक त्या पैशाचे मूळच उखडून टाकतो आणि निघून जातो. रॉस्को ही तेथील पोलीस अधिकारी, त्याच्यावर प्रेम करणारी, मागे राहते. भाजलेली गोदामे, मेलेली माणसे आणि बंद पडणारी दुकाने यांच्यामध्ये तिने पुढे कसे दिवस काढले असतील? नायकाच्या उंचीवर, बोलण्यावर आणि घरावर इतके वाद घालणाऱ्या वाचकांकडून हा प्रश्न मी फार क्वचित ऐकला आहे. लेखकानेही तो विचारलेला नाही.