शेवटची घंटा वाजते तेव्हा

घरातली मुलगी नववी-दहावीत गेली, की तिच्या उशाखालच्या पुस्तकाविषयी वडीलधाऱ्यांना एकाएकी आस्था वाटू लागते. एरवी तिच्या वाचनाची कधी विचारपूस न करणारे काकादेखील मुखपृष्ठावरची मुलगा-मुलगीची जोडी पाहून चष्मा नीट बसवतात आणि विचारतात, "हे काय वाचतेस गं?" प्रश्न योग्यच आहे. पण त्यावर जो निकाल दिला जातो तो बहुधा पुस्तक न उघडता दिलेला असतो. शाळकरी वयातील प्रेमाच्या कादंबऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक, या पुस्तकांनी मुले बिघडतात. आणि दुसरे, पोरकट पुस्तके आहेत, वय सरले की आपोआप सुटतील. पहिले मत पुस्तकाच्या अंगी नसलेले सामर्थ्य त्याला चिकटवते. दुसरे त्याला अगदीच निर्जीव समजते. या वाङ्मयालाही इतर कोणत्याही वाङ्मयाप्रमाणे कसोटी लावता येते, असे मला वाटते. ती कसोटी कोणती, एवढेच इथे पाहावयाचे आहे.

या कादंबरीचे माहेर अमेरिका. तिथले हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी हे चार वर्ग, मुले-मुली एकत्र, वय साधारण चौदा ते अठरा. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथेही या वयाची पुष्कळ मुले शेतावर नाहीतर कारखान्यात राबत. १९४०च्या सुमारास मात्र बहुसंख्य मुले शाळेत होती. इतकी तरुण मंडळी चार वर्षे एका छपराखाली नांदू लागली, की तिचा एक निराळा समाज होतो आणि त्याचे रीतिरिवाज पडतात. शाळेचा सामना, शाळेचा नाच, सिनेमाचे आमंत्रण, टेलिफोनच्या घंटेची वाट पाहणे, हे त्या समाजाचे सणवारच म्हणा ना! १९४४ साली तर 'सेव्हन्टीन' नावाचे मासिकच या वयाच्या मुलींसाठी निघाले. कादंबरीने ही वाट त्याआधी दोन वर्षे धरली होती.

मॉरीन डेली हिची 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखिकेने स्वतःच नुकती विशी ओलांडली होती. विस्कॉन्सिन राज्यातले एक तळ्याकाठचे गाव. अँजी मॉरो हायस्कूल संपवून घरी आहे. उन्हाळा सरला की तिला शिकागोला कॉलेजात जायचे आहे. मधल्या तीन महिन्यांत बेकरीवाल्याचा मुलगा जॅक तिच्या आयुष्यात येतो. कथानक म्हणाल तर एवढेच. परंतु लेखिकेची नजर बारीक आहे. जॅक अँजीच्या घरी जेवायला येतो, आणि त्याच्या खाण्याच्या तऱ्हेची तिला घरच्यांसमोर लाज वाटते. ज्याच्यावर आपला जीव जडला त्याचीच लाज वाटावी, आणि त्या लाजेचीही मागाहून लाज वाटावी! प्रेमाच्या या कंगोऱ्याला हात घालायला प्रौढ कादंबरीकारही बिचकतो. शेजारीच अँजीची बहीण लॉरेन एका बेपर्वा तरुणाच्या मागे आपली मानहानी करून घेत असते. अँजी ते पाहते आणि न बोलता शिकते. उन्हाळा संपतो. ती शिकागोला जाते, जॅक आपल्या कुटुंबाबरोबर ओक्लाहोमाला. लग्नाचे सनईचौघडे नाहीत, विषाचा पेलाही नाही. दोघे नुसती मोठी होऊन निघून जातात.

मला वाटते, कसोटी इथेच सापडते. शाळा ही मुळातच संपणारी गोष्ट आहे. तेव्हा शाळेतल्या प्रेमाच्या कादंबरीला विचारायचे ते एवढेच: हिच्यात काळ पुढे सरकतो का? शेवटच्या पानावरचा मुलगा आणि मुलगी पहिल्या पानापेक्षा थोडी तरी शहाणी झाली आहेत का? समोरचे माणूस हे आपल्या स्वप्नातले बाहुले नसून त्याला त्याचे मन आहे, हे त्यांना उमगले का?

बेव्हर्ली क्लिअरी हिची 'फिफ्टीन' (१९५६) या कसोटीला हसतखेळत उतरते. पंधरा वर्षांची जेन पर्डी दुसऱ्यांची मुले सांभाळून चार पैसे मिळवते. अशाच एका द्वाड पोरीने गालिच्यावर शाई ओतण्याची धमकी दिलेली असताना स्टॅन दारात येतो. आणि येतो कशासाठी, तर कुत्र्याचे खाणे पोचवायला! नायकाचा याहून कमी रोमांचक प्रवेश मी तरी वाचलेला नाही. जेनला वर्गातल्या ऐटबाज मार्सीसारखे व्हायचे असते. ते सोंग आपल्याला पेलणार नाही आणि पेलण्याची गरजही नाही, हे तिला हळूहळू कळते. शेवटी स्टॅन तिला आपल्या नावाचे कडे देतो. पण खरे बक्षीस तिने त्याआधीच मिळवलेले असते. या गोड पुस्तकात एक उणीव मला खटकते. फोनची वाट पाहायची ती जेनने, आणि फोन करायचा तो स्टॅनने. ही रीत लेखिका हसत टिपते. तिला प्रश्न मात्र विचारत नाही.

प्रश्न विचारण्याचे धाडस १९७५ साली जूडी ब्लूम हिच्या 'फॉरेव्हर' या कादंबरीने केले. तिच्यातील मोकळ्या शारीरिक वर्णनांमुळे अनेक शालेय ग्रंथालयांतून ती हटवावी म्हणून गिल्ला झाला. माझ्या मते तिच्यातले खरे धीट पान निराळेच आहे. कॅथरीन आणि मायकेल एकमेकांना 'कायमचे' म्हणून वचन देतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅथरीन दूर जाते, आणि ते 'कायमचे' संपल्याचे तिच्या ध्यानात येते. लेखिका त्याबद्दल तिला कोणतीही शिक्षा देत नाही. हे पुस्तक कोणत्या वयात हाती द्यावे, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण काळ सरकतो, हे सत्य त्यात लपवलेले नाही.

याच्या उलट टोकाला 'स्वीट व्हॅली हाय'. फ्रान्सीन पास्कल हिने १९८३ साली सुरू केलेली ही माला. आराखडा तिचा, लेखन इतरांचे, आणि मुखपृष्ठावर नाव भलत्याच एका काल्पनिक लेखिकेचे! कॅलिफोर्नियातल्या सोनेरी केसांच्या जुळ्या बहिणी, एलिझाबेथ गुणी आणि जेसिका नखरेल. शंभरावर पुस्तके निघाली. अपहरणे झाली, अपघात झाले, किती प्रेमे जुळली आणि मोडली, पण बहिणींची सोळावी सरता सरेना. आपल्याकडे मार्कंडेय ऋषींना सोळा वर्षांचे अमरत्व लाभले ते तपाने. इथे ते खपाने लाभले. या पुस्तकांवर माझा राग नाही. प्रवासात ती गोळ्या-चॉकलेटांसारखी बरी लागतात. पण त्यांत कुणी काही शिकत नाही, कारण पुढच्या महिन्याच्या पुस्तकासाठी सर्वांना पुन्हा होते तिथे येऊन उभे राहावे लागते. मुलांच्या हाती पडू नये असे काही असेलच, तर ते चुंबन नव्हे. थिजलेला काळ होय.

अलीकडच्या पुस्तकांत जेनी हान हिची 'टु ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर' (२०१४) मला पसंत पडली. कोरियन आईची आणि अमेरिकन बापाची मुलगी लारा जीन, जो मुलगा मनात भरला त्याला पत्र लिहिते आणि ते टाकते मात्र कधीच नाही. दिवंगत आईने दिलेल्या पेटीत ही पत्रे साठतात, आणि एके दिवशी टपालात जातात! कल्पना नाटकी आहे, तोतया प्रेमाचा करारमदार तर अगदी ठरीव. तरीही पुस्तक तरते ते तिघी बहिणींच्या घरामुळे. आई नसलेल्या घरात मोठी बहीण परदेशी शिकायला गेली, की मधलीने काय करायचे, हा त्यातला खरा प्रश्न आहे. पेटीतल्या पत्रांतला मुलगा आणि दारात उभा राहिलेला मुलगा निराळे असतात, हे लारा जीनला कळते, तेव्हा कथा आपल्या कसोटीला लागते.

आता आपल्या घरी येऊ. मराठीत या कसोटीवर सोन्यासारखी उतरणारी कादंबरी म्हणजे मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४). तिच्यावरून सुजय डहाके यांनी केलेला चित्रपटही २०१२ साली पुष्कळांनी पाहिला. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची मित्रमंडळी. अमेरिकन मुलांच्या हाताशी नाच आहे, मोटार आहे, टेलिफोन आहे. मुकुंदाच्या हाताशी काय आहे? दुरून पाहणे, एवढेच. मुलीला नावाने हाक मारण्याचीसुद्धा सोय नाही, आडनाव चालते. सबंध कादंबरीभर ती 'शिरोडकर'च राहते, आणि त्या कोरड्या आडनावात केवढे मार्दव भरता येते हे वाचूनच पाहावे. भेटीला जागा नसल्यामुळे इथे प्रेम सारे नजरेत आणि तर्कात राहते: ती हसली, ती माझ्याकडे पाहून की मागच्याकडे? शेवटी शिरोडकर निघून जाते आणि नववी संपते. मुकुंद मोठा होतो. बोकील त्याला फसवे सांत्वन देत नाहीत.

मात्र याच ठिकाणी कसोटीचा तिसरा प्रश्न माझ्या मनात रेंगाळतो. शिरोडकरच्या मनात काय होते? आपल्याला ती दिसते ती मुकुंदाच्या डोळ्यांनी. नववीतल्या मुलाच्या कथेत याहून अधिक दिसूही नये. तो प्रामाणिकपणाच आहे. पण अँजी, जेन, लारा जीन यांच्या कथा त्यांच्या स्वतःच्या मनातून उमलतात, हे पाहिले म्हणजे वाटते की मराठीत अर्धा वर्ग अजून बोलायचा आहे. वेणीला रिबीन बांधून बाकावर बसलेल्या, मागून कुणीतरी पाहते आहे हे ठाऊक असलेल्या आणि वहीत मान खुपसून बसलेल्या त्या मुलीला काय वाटत होते? भीती? मौज? की तिचे लक्ष भलत्याच कशात, उद्याच्या गणिताच्या पेपरात होते? ती कादंबरी 'शाळे'च्या तोडीने लिहिली गेलेली मला वाचायची आहे. आणि ती लिहिणारी मुलगी कदाचित आजच कुठल्यातरी घरात उशाखाली पुस्तक लपवून झोपत असेल.

तेव्हा या सुट्टीत फराळाचे ताट घेऊन बसाल, तेव्हा ते पुस्तक मुलीकडून मागून घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. मग तिच्याशी भांडा, त्यातली माणसे मोठी झाली की नाही यावर. त्या भांडणात ती तुम्हाला हरवील, असा माझा अंदाज आहे.