चित्रात जनुक दिसते का?

जामनेरच्या एका शिक्षकांनी वृत्तपत्राचे कात्रण पाठवून विचारले आहे, की मेंदूतील गाठीमधले जनुकीय दोष जर आता एम.आर.आय.वरूनच कळतात, तर कवटी उघडून तुकडा काढायचा कशाला? प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि घरची मंडळी हेच कात्रण पुढे करून ‘थांबून पाहू’ म्हणत आहेत. तेव्हा ही बातमी नीट तपासून पाहणे भाग आहे.

बातमी खोटी नाही. तिच्यातले ‘दिसते’ हे क्रियापद मात्र चुकीचे आहे. एम.आर.आय.चे चित्र बनते ते प्रामुख्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांकडून येणाऱ्या संकेतांपासून. चित्रातला एक ठिपका साधारण मिलिमीटरभर असतो आणि तेवढ्या जागेत हजारो पेशी मावतात. उत्परिवर्तन म्हणजे अनेकदा डी.एन.ए.मधल्या एकाच अक्षराचा फेरफार. तो या चित्रात दिसणे शक्यच नाही.

मग शिरेतून जे औषध टोचतात ते काय दाखवते? ते गॅडोलिनियम या धातूचे संयुग असते. गॅडोलिनियमच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या प्रभावाने आजूबाजूच्या पाण्यातील हायड्रोजनची केंद्रे लवकर मूळ स्थितीला येतात आणि ती जागा चित्रात उजळ दिसते. (सुटा आयन विषारी असतो, म्हणून तो एका मोठ्या रेणूच्या पकडीत बांधून देतात.) निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत या संयुगाला बाहेर पडू देत नाही. गाठीत घाईने वाढलेल्या कच्च्या रक्तवाहिन्या मात्र पाझरतात. म्हणजे उजळ दिसतो तो पाझर. संयुग वाहिन्यांतून जात असतानाच भराभर चित्रे घेतली, तर त्या भागात रक्त किती खेळते याचाही अंदाज येतो.

२००८ साली अमेरिकेतील संशोधकांना ग्लायोब्लास्टोमा या घातक गाठींपैकी सुमारे १२ टक्के गाठींत आय.डी.एच.-१ नावाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळले. पुढे कळले, की हे उत्परिवर्तन असलेल्या गाठी सहसा सावकाश वाढतात, त्यांच्यात नव्या रक्तवाहिन्या कमी असतात आणि औषध दिल्यावर त्या कमी उजळतात. म्हणून कमी उजळलेली गाठ पाहून डॉक्टर म्हणतात, ‘इथे उत्परिवर्तन असण्याचा संभव आहे.’ हे झाले अनुमान.

जामनेरच्या वाचकाला हा फरक कपाशीच्या शेतावरून लगेच कळेल. बी.टी. कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळी नसलेले शेत बांधावरून पाहून ‘बी.टी. दिसतंय’ म्हटले, तर ते बरेचदा खरे ठरे. पण शेजाऱ्याने नुसती फवारणी चांगली केली असली तरी शेत तसेच दिसणार. पुढे गुलाबी बोंडअळी बी.टी.ला दाद देईनाशी झाली आणि बांधावरचा ठोकताळा उलट्या बाजूनेही फसू लागला. खात्री करायची तर पान चिरडून त्याच्या रसात चाचणीची पट्टी बुडवावी लागते. बी.टी. प्रथिन असेल तर पट्टीवरचे प्रतिपिंड त्याला पकडते. गाठीच्या तुकड्यावरची आय.डी.एच.ची एक नेहमीची चाचणी नेमकी याच तत्त्वावर चालते. पण त्यासाठी आधी ‘पान तोडावे’ लागते.

बातमीत ‘९० टक्के अचूक’ असा आकडा आहे. तो ऐकून दबून जाऊ नये. वरच्या १२ टक्क्यांकडे पुन्हा पाहा. चित्र न पाहताच प्रत्येक ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णाला ‘उत्परिवर्तन नाही’ असे सांगणारा माणूसही ८८ टक्के अचूक ठरेल! नववीच्या वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे.

२०२१ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने संगणक-प्रणालींची एक मोठी स्पर्धा झाली. एम.आर.आय.वरून ग्लायोब्लास्टोमातील एम.जी.एम.टी. जनुकावर विशिष्ट रासायनिक खूण आहे की नाही ते ओळखायचे होते. (हे उत्परिवर्तन नव्हे, पण उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे.) दीड हजारांहून अधिक संघ उतरले. ज्या मापात नाणे उडवून ०.५ गुण मिळतात आणि परिपूर्ण उत्तराला १, त्या मापात विजेत्याला मिळाले सुमारे ०.६२. अशा निकालांची कात्रणे कोणी पाठवत नाही.

याउलट मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांचे २०१९ मधले काम पाहावे. मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे १११ रुग्ण त्यांनी घेतले आणि चित्रातील १९ लक्षणे तपासली. ७६ रुग्णांवरून नियम बसवले आणि बाजूला ठेवलेल्या ३५ रुग्णांवर ते पडताळले. चार जनुकीय उपप्रकारांपैकी एकाचे भाकीत उत्तम जमले, बाकीच्यांचे कमी-अधिक. आणि हे त्यांनी तसेच छापले. यातली मेख अशी, की प्रत्येक रुग्णाचे खरे उत्तर गाठीच्या तुकड्यावरूनच ठरवलेले होते. तुकडे तपासले नसते तर चित्रांना शिकवणार कोण?

चित्रावरचे अनुमान निरुपयोगी मुळीच नाही. गाठ खोल, नाजूक जागी असेल, तुकडा नेमका कुठून घ्यावा हे ठरवायचे असेल, तर त्याचा मोठा आधार होतो. धोका आहे तो शांत दिसणाऱ्या गाठीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार, सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य वाटणारी आणि आय.डी.एच. उत्परिवर्तन नसलेली काही गाठ, विशिष्ट जनुकीय खुणा सापडल्यास, ग्लायोब्लास्टोमाच मानली जाते. अशी गाठ औषधाने फारशी न उजळल्याचीही उदाहरणे आहेत. तिथे ‘थांबून पाहू’ महागात पडेल.

शिवाय शस्त्रक्रिया केवळ तुकड्यासाठी नसते. गाठ शक्य तितकी काढून मेंदूवरचा दाब कमी करणे हाही तिचा हेतू असतो. त्या कुटुंबाने डॉक्टरांना विचारायचे ते हे, की काढलेल्या गाठीची आय.डी.एच. तपासणी होणार आहे का आणि कुठे. ती सोय जळगावात नसली तरी रुग्णाला मुंबईला हलवावे लागत नाही. मेणात बसवलेला तुकडा पाठवता येतो.