परक्या गांवचे ग्रंथकार

पीटर मेल यांचा प्रोव्हान्समधील एका वर्षावरील इंग्रजी ग्रंथ (१९८९) रंजक खरा. दक्षिण फ्रान्समधील मेनर्बजवळचें जुनें शेतघर, मिस्त्रालचा झोंबणारा वारा, कामें अर्धवट टाकून जाणारे गवंडी हीं चित्रें चांगलीं उतरलीं आहेत. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वावरणाऱ्या आम्हांस तेथील द्राक्षशेतीही जवळची वाटली. परंतु ग्रंथांतील शेजारी बहुधा विनोदाचा विषय होतो आणि वाचक मात्र दूर इंग्लंडांत असतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडे आहे. इंग्रज जेसुइट फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. मधला बहुतेक काळ साष्टींत गेला. येथील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असें त्यांनीं १५८३ सालीं भावास कळविलें. १६१६ सालीं रोमन लिपींत छापलेलें त्यांचें क्रिस्तपुराण सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांचें आहे. मराठीची थोरवी गातांना त्यांना मोगरा व कस्तुरी सुचतात.

स्टीफन्स तटस्थ पाहुणे नव्हते. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलेल्या मुलखांत ते धर्मप्रसारक होते आणि जुनीं पुराणें ज्यांच्यापासून हिरावलीं गेलीं, त्या नवख्रिस्ती लोकांसाठीं त्यांनीं हें पुराण रचलें. त्यांच्या मराठीचें कौतुक करतांना हा इतिहास झांकणें रसिकाला शोभणार नाहीं. तथापि ज्यांच्यामध्यें राहिले त्यांनाच त्यांनीं वाचक मानलें, हा गुण थोर आहे. परमुलखांतील वास्तव्यावरील ग्रंथ पारखतांना, तो तेथील शेजाऱ्यास वाचून दाखवितां येईल काय, हें आम्ही प्रथम विचारूं.